१०८ देशभर एकच नाही

‘१०८ म्हणजे देशभरची एकच सरकारी रुग्णवाहिका सेवा’ हा समज चुकीचा आहे. क्रमांक एक, पण चालवणारे वेगवेगळे.

१५ ऑगस्ट २००५ ला हैदराबादेत ईएमआरआय या ना-नफा संस्थेने सुरुवात केली. पुढे राज्यांशी करार करत ती वाढली. २००७ मध्ये गुजरात, २००८ मध्ये गोवा. बहुतेक खर्च राज्याचा, चालवणे संस्थेचे.

महाराष्ट्राची १०८ मात्र २०१४ मध्ये, बीव्हीजी या कंपनीकडे देऊन सुरू झाली: ९३७ गाड्या, त्यांत २३३ व्हेंटिलेटरसारख्या प्रगत साधनांच्या. शिवाय गाडीत डॉक्टर. ईएमआरआयच्या पद्धतीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो.

गोव्याच्या सीमेवरच्या सावंतवाडी-दोडामार्गकडे हा फरक महत्त्वाचा. मोबाइलने पलीकडचा टॉवर पकडला, तर फोन गोव्याच्या केंद्रात जाऊ शकतो. म्हणून आधी राज्य, तालुका, गाव सांगा. रुग्णाचे नाव नंतर.