एबीएसची पिवळी लाइट लागली? कोड पुसून गाडी आणू नका

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. डॅशबोर्डवर तिची पिवळी लाइट लागली की आमच्या गॅरेजमध्ये फोनवर दोनच प्रश्न येतात. गाडी चालवू का, आणि सेन्सर (चाकाचा वेग मोजणारा भाग) केवढ्याला पडेल? पहिल्याचं उत्तर लगेच देता येतं. दुसऱ्याचं देता येत नाही, कारण लाइट लागली म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं. बऱ्याचदा सेन्सर चांगला असतो, बिघाड दुसरीकडेच असतो आणि नवा सेन्सर टाकूनही लाइट तशीच राहते.

आधी गाडी चालवण्याचं बघू. कारची चावी ऑन केल्यावर एबीएसची लाइट तीन-चार सेकंद लागून विझलीच पाहिजे. ती यंत्रणेची स्वतःची तपासणी असते. चावी ऑन केल्यावर ती अजिबात लागत नसेल, तर तोही बिघाड समजा. जुनी गाडी घेताना हे आवर्जून बघा, लाइट लपवून विकलेल्या गाड्या बाजारात असतात.

फक्त पिवळी लाइट लागून राहिली असेल तर साधा ब्रेक नेहमीसारखा लागतो. मात्र ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाक जाम होऊन गाडी सरकू शकते. पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा, एक्सप्रेस हायवेवर जाणं टाळा आणि एक-दोन दिवसांत गाडी दाखवा. पिवळीसोबत ब्रेकची लाल लाइटही लागली असेल, तर आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का ते बघा, मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. ऑइल खालच्या रेघेच्या खाली असेल किंवा पेडल मऊ लागत असेल तर गाडी हलवू नका. ऑइल भरलेलं आहे, हँडब्रेक खाली आहे आणि तरी दोन्ही लाइट लागल्यात, तर मागच्या चाकांचा ब्रेक आवरून धरणारी ईबीडीही बंद पडलेली असू शकते. अशा वेळी मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीची शेपूट फिरते. गाडी उभी करा आणि आम्हाला फोन करा, आम्ही टोइंगने आणू.

आता ज्या एका गोष्टीसाठी हे पत्रक छापलं, ती. लाइट लागली की अनेक जण जवळच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून 'एरर उडवून' घेतात, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसून घेतात. लाइट विझते, दोन-तीन दिवस बरं चालतं, पुन्हा लागते. पुन्हा उडवतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी गाडी आमच्याकडे येते, तीही सकाळीच कोड पुसून, कारण 'तुमच्याकडे येईपर्यंत लाइट नको'. हे कोड एबीएसच्या मॉड्यूलच्या, म्हणजे त्याच्या छोट्या कॉम्प्युटरच्या मेमरीत असतात. त्या मेमरीत काय होतं बघा: कोणत्या चाकाची तक्रार, बिघाड आत्ता आहे की येऊन गेलेला, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये त्या क्षणी वेग किती होता, बॅटरीचा व्होल्टेज किती होता तेही. कोड हाती असला की आम्ही थेट एका चाकापाशी जातो. पुसलेला असला की चारही कोपरे उघडायचे आणि बिघाड पुन्हा येईपर्यंत गाडी फिरवायची. बिघाड फक्त पावसानंतर येत असेल, किंवा चाळीस किलोमीटर पळून गाडी गरम झाल्यावर येत असेल, तर अर्ध्या तासाचं काम दीड दिवसावर जातं. ती मजुरी शेवटी तुमच्याच बिलात लागते आणि आम्हालाही ती लावायला आवडत नाही.

फ्यूज काढून किंवा बॅटरीची तार सोडून लाइट घालवण्याचाही प्रयत्न करू नका. काही गाड्यांत त्याने मेमरी जाते, काहींत जात नाही. पण ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत स्टीअरिंगच्या कोनाचं सेटिंग हलतं आणि एका लाइटच्या दोन होतात.

त्याऐवजी मोबाइलने डॅशबोर्डचा फोटो काढा, सगळ्या लाइट दिसतील असा. कोणी स्कॅन केलंच तर पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो घ्यायला सांगा. लाइट कधी लागते ते लक्षात ठेवा: चावी लावल्याबरोबर की गाडी चालू लागल्यावर, वळणावर, खड्ड्यात, की ब्रेक दाबल्यावर. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत गाडीचं काय काम झालं तेही सांगा. बेअरिंग, शॉकअब, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, काहीही. आमच्या दृष्टीने ही माहिती सगळ्यात मोलाची आहे, का ते पुढे कळेल.

मोबाइलला जोडायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याच जणांकडे असतो. तो बहुधा इंजिनचे, म्हणजे 'पी' अक्षराने सुरू होणारे कोड वाचतो. एबीएसचे कोड 'सी' ने सुरू होतात आणि ते वाचायला एबीएस मॉड्यूलशी बोलणारं यंत्र लागतं. त्यामुळे मोबाइल 'नो फॉल्ट' म्हणाला तरी एबीएस ठीक आहे असा त्याचा अर्थ नाही.

सर्वसाधारण कोडांमध्ये सी ००३५ म्हणजे पुढचं डावं चाक, सी ००४० पुढचं उजवं, सी ००४५ मागचं डावं, सी ००५० मागचं उजवं. काही कंपन्यांचे स्वतःचे कोड वेगळे असतात. पण कोणताही कोड 'सेन्सर बदला' असं म्हणत नाही. तो म्हणतो, या चाकाच्या सर्किटकडून बरोबर सिग्नल येत नाही. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, त्याची तार आहे, कनेक्टर आहे, चाकासोबत फिरणारी, सेन्सर जिच्यावरून वेग वाचतो ती दातेरी रिंग किंवा तिच्या जागी चुंबकी सीलचं बेअरिंग आहे आणि शेवटी मॉड्यूलची पिन आहे. कोड बघून सेन्सर मागवायचा म्हणजे या पाचांतून एक डोळे मिटून उचलायचा.

म्हणून आम्ही आधी स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकत्र बघतो. सरळ रस्त्यावर वीसच्या वेगाने गाडी चालवली की चारही आकडे जवळजवळ सारखे दिसले पाहिजेत. एक शून्यावर बसलेला असेल तर सर्किट तुटलेलं असतं किंवा सिग्नलच तयार होत नसतो. एक मधूनमधून खाली पडत असेल तर तार, कनेक्टर किंवा रिंग. एक कायम थोडा जास्त दाखवत असेल तर त्या चाकाचा टायर लहान मापाचा आहे. आजकाल अनेक गाड्यांची स्टेपनी बाकीच्या चाकांहून लहान येते. पंक्चरनंतर तीच आठवडाभर लावून ठेवली आणि लाइट लागली, तर आधी मूळ चाक लावा.

बडोद्यात कनेक्टरचा त्रास जास्त दिसतो आणि त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात सयाजीगंज, फतेहगंज, अकोटा, समा या भागांत कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. इंजिन साफ झालं, सीट धुतल्या, पण चाकामागचे छोटे कनेक्टर कोणी उघडले नाहीत. आत शिरलेलं पाणी पितळी पिनांना हळूहळू खातं. कनेक्टरची कडी दाबून ओढला की पिनांवर हिरवट-पांढरी भुकटी दिसते, कधी पिन जागच्या जागी मोडते. नुसता स्प्रे मारून ते भागत नाही. आम्ही पिना बदलतो, तार दाबून घट्ट बसवतो आणि वरून गरम करून आक्रसणारी नळी चढवतो. तारा पिळून टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसापर्यंतच टिकतो.

दुसरी ठरलेली जागा म्हणजे शॉकअबवरच्या क्लिपपाशी सेन्सरची तार जिथे वाकते ती. स्टीअरिंग फिरेल तसं पुढचं चाक ती तार दर वेळी वाकवतं. वरचं रबर शाबूत राहतं आणि आतलं तांबं तुटतं. म्हणून मीटर जोडून ठेवायचं आणि एकाने स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवायचं. आकडा उडाला की तार सापडली. वळणावरच लाइट लागते असं तुम्ही आधीच सांगितलं तर आम्ही पहिल्यांदा इथेच हात घालतो. पावसाळ्यात उंदीरही याच तारा कुरतडतात, विशेषतः गाडी आठ-दहा दिवस एका जागी उभी असेल तर.

सेन्सरचा नंबर यानंतर. जुन्या पद्धतीच्या चुंबकी सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण एक ते दोन किलोओहमच्या आसपास असतो. डाव्या-उजव्या बाजूचा आकडा ताडून बघायचा, आणि चाक हाताने फिरवलं की एसी व्होल्टेज येतं का ते पाहायचं. नव्या गाड्यांत ॲक्टिव्ह, म्हणजे विजेचा पुरवठा मिळाल्यावरच चालणारा सेन्सर असतो. त्याला ओहम मीटर लावून काही कळत नाही आणि अशा तपासणीवरून सेन्सर 'गेला' ठरवणं चूक आहे. तो सुमारे ७ आणि १४ मिलिॲम्पियर अशा दोन पायऱ्यांत करंट बदलतो. त्यासाठी आधी त्याला पुरवठा येतो का, मग चाक हळू फिरवताना त्या पायऱ्या दिसतात का, हे बघावं लागतं.

आणि बेअरिंग. अनेक नव्या गाड्यांत दातेरी रिंग नसते, बेअरिंगच्या एका बाजूच्या काळ्या सीलमध्येच चुंबक बसवलेले असतात. ती बाजू सेन्सरकडे तोंड करूनच बसली पाहिजे. बेअरिंग उलटं दाबलं तर चाक छान फिरतं, आवाज नाही, काही नाही, पण सिग्नल शून्य. ग्राहक नवा सेन्सर घालतो, मग दुसरा घालतो, लाइट तशीच. दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच दिसतात, म्हणून आम्ही बेअरिंग दाबण्याआधी चुंबक दाखवणारं कार्ड सीलवर ठेवतो. ज्या बाजूला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटतात ती आत जाते. बेअरिंग बदलल्यापासून लाइट लागली असेल तर दुसरं काही मागवण्याआधी हे तपासायला सांगा, कुठेही गाडी नेलीत तरी.

लाइट लागत नाही, पण गाडी थांबता थांबता, पाच-दहाच्या वेगाला, कोरड्या रस्त्यावर पेडल थरथरतं अशीही तक्रार येते. रिंगला तडा गेलेला असतो किंवा रिंगखाली गंज फुगून ती उचललेली असते. एक दात चुकतो, मॉड्यूलला वाटतं चाक जाम झालं आणि ते उगाच ब्रेक सोडतं-धरतं. हे सोडून देऊ नका, कारण ऐन वेळी ब्रेक थोडा उशिरा धरतो.

चावी लावल्याबरोबर दोन-तीन लाइट एकदम लागत असतील तर आधी बॅटरी तपासा. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. पेडलखालचा ब्रेक लाइटचा स्विचही छोटा भाग, पण तो बिघडला तर एबीएसचा कोड देऊ शकतो. मागचे ब्रेक लाइट कायम लागून राहतात का, एवढं घरी बघता येतं.

काम झाल्यावर लाइट लगेच विझली नाही तर घाबरू नका. पुष्कळ गाड्यांत चारही चाकांचा सिग्नल बघितल्याशिवाय मॉड्यूल लाइट विझवत नाही, त्यासाठी गाडी पंधरा-वीसच्या वेगाने थोडी चालवावी लागते. निघताना बॉनेटमधून क्षणभर 'घर्र' ऐकू आलं तर तो पंपाची चाचणी घेतल्याचा आवाज असतो.

बाइकवाल्यांसाठी: मेन स्टँडवर गाडी गिअरमध्ये चालवून चेनला तेल देता तेव्हा मागचं चाक फिरतं, पुढचं थांबलेलं असतं आणि लाइट लागते. चावी बंद-चालू करून जराशी चालवा, विझेल. पंक्चर काढल्यानंतर लाइट लागली असेल तर रिंग वाकली आहे का किंवा सेन्सर रिंगला घासतो का ते बघावं लागतं.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत येते. ओल एबीएस युनिटमधल्या बारीक व्हॉल्व्हनाही गंजवते आणि ते युनिट गाडीच्या महागड्या भागांपैकी एक आहे. हे काम आमच्याकडे तासाभरात होतं, आणि एबीएस तपासणीसोबत केलंत तर मजुरीत सवलत देतो.

आमच्या तपासणी शुल्काबद्दल बरेच जण विचारतात, 'नुसतं बघायचे पैसे?' बघणं म्हणजे वर लिहिलेलं सगळं. कारसाठी ५०० रुपये आणि बाइकसाठी २०० घेतो. काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा होतात. नाही केलंत तरी कोड आणि चारही चाकांचे आकडे तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, ते घेऊन तुम्ही कुठेही जाऊ शकता. काढलेला भाग तुमच्या हातात देतो. मॉड्यूल बदलायला आम्ही सगळ्यात शेवटी सांगतो, तेही फ्यूज, अर्थिंग आणि पुरवठा लोड देऊन तपासल्यावरच.

तपासणीसाठी गाडी सकाळी साडेनऊच्या आत आणा, धुऊन आणू नका. बिघाड ओलीने येत असेल तर पाऊस पडून गेल्यावर तशीच आणा. फोन करताना गाडीचं मॉडेल, साल आणि डॅशबोर्डचा फोटो पाठवलात तर लागणारी पिन-नळी आदल्या दिवशीच काढून ठेवतो.