अनुशेष मोजायचा कुठल्या पट्टीने?

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की ‘अनुशेष’, म्हणजे विकासात मागे राहिल्याची तूट, हा शब्द हमखास कानावर येतो. विदर्भ-मराठवाड्याने एकत्र मराठी राज्यात यावं म्हणून झालेल्या १९५३च्या नागपूर करारातच समतोल विकासाचं वचन दिलेलं होतं. १९५६ साली घटनेत विकास मंडळांची आणि समन्यायी निधीवाटपाची तरतूद करणारं ३७१(२) हे कलम आलं. पण कोण किती मागे, हे आकड्यांत मांडायला १९८४ साल उजाडलं. ते काम अर्थतज्ज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने केलं.

रीत वरवर सोपी होती. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्ह्याची स्थिती मोजायची आणि राज्याची सरासरी काढायची. जिल्हा सरासरीपेक्षा जितका खाली, तितका त्याचा अनुशेष. ती तूट भरायला लागणारा खर्च ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६, आणि ‘पुढारलेल्या’ उर्वरित महाराष्ट्राचा तब्बल ३७.३२.

उर्वरित महाराष्ट्राचा वाटा एवढा निघाला, कारण मोजणी जिल्ह्यावार होती. प्रदेश पुढारलेला असला तरी त्यातले मागे राहिलेले जिल्हे स्वतंत्रपणे मोजले गेले. हीच गोष्ट एक पायरी खाली नेऊन पाहा. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, माण तालुका जेमतेम पाचशेच्या आसपास घुटमळतो. या दोघांची सरासरी काढली तर जो आकडा येतो, तसा पाऊस ना इकडे पडतो ना तिकडे. जिल्ह्याचा आकडा ठीक दिसतो आणि माणचं कोरडेपण त्यात बुडून जातं. मोजणीचं एकक बदललं की मागास कोण याचं उत्तरच बदलतं. म्हणून मला वाटतं, तालुका हेच एकक धरायला हवं, आणि पाण्यासाठी तर पाणलोट.

१९९४ साली वैधानिक विकास मंडळं आली, राज्यपालांच्या निर्देशांनुसार निधीवाटप सुरू झालं. पुढे सिंचनाचा आर्थिक अनुशेष कागदावर भरून निघाला, तरी अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाण्यात भौतिक अनुशेष, म्हणजे प्रत्यक्ष सिंचनातली तूट, राहिलाच. पैसे वर्ग होतात एका दिवसात. कालव्याला मात्र भूसंपादन लागतं, वनखात्याची परवानगी लागते, वर्षं लागतात.

त्यातही अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेचा खारपाणपट्टा बघा. तिथे विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं. ते पिकाला दिलं की क्षार चिकणमातीत साठत जातात, जमीन घट्ट होते, निचरा थांबतो. अनुशेषाच्या हिशेबात वीजजोडणी मिळालेले कृषिपंपही मोजले जातात. या पट्ट्यात पंप कमी दिसले म्हणून जोडण्या वाढवल्या, तर आकडा सुधारेल आणि रान नासेल. इथल्या शेतकऱ्याला शेततळ्यात धरलेलं पावसाचं गोडं पाणी हवंय.