जननदर व कुटुंबधोरण (औद्योगिक समाज)

औद्योगिक देशांत गेल्या दोन शतकांत जन्माचे प्रमाण एकंदरीत घटत आले आहे. ही घट रोखण्यासाठी किंवा मुले वाढवणाऱ्यांचा भार हलका करण्यासाठी सरकारे जे उपाय योजतात, त्यांना कुटुंबधोरण म्हणतात. एखाद्या वर्षातले वयनिहाय जन्मप्रमाण कायम राहिले, तर एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतील, हे ‘एकूण जननदर’ सांगतो. बालमृत्यू कमी असतील आणि स्थलांतर जमेस धरले नाही, तर लोकसंख्या टिकून राहण्यासाठी हा दर सुमारे २.१ लागतो.

घसरण सर्वप्रथम दिसली ती फ्रान्समध्ये, अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे तिथे कारखानदारी रुजण्याच्या आधीच. उरलेल्या पश्चिम युरोपात ती साधारण १८७० नंतर पसरली. बालमृत्यू घटले, शिक्षण सक्तीचे झाले आणि लहानपणीच कमाईला हातभार लावणारे मूल आईबापांसाठी दीर्घकाळ खर्चाची बाब बनले. दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रवाह काही काळ उलटा फिरला. अमेरिकेत १९५७ च्या सुमारास दर ३.७ पर्यंत चढला. पुढे गर्भनिरोधक गोळ्या, स्त्रियांचे उच्चशिक्षण व नोकऱ्या आणि लांबलेली लग्ने यांमुळे १९७० च्या दशकात बहुतेक पश्चिमी देश २.१ च्या खाली गेले.

हा आकडा जपून वाचावा लागतो. स्त्रिया मूल पुढे ढकलू लागल्या की, शेवटी त्यांना होणाऱ्या मुलांची संख्या तेवढीच राहिली तरी वार्षिक दर खाली येतो. जपानचे उदाहरण बोलके आहे. १९६६ हे तिथल्या पंचांगानुसार ‘अग्नि-अश्व’ वर्ष होते. या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते, असा समज असल्याने अनेक जोडप्यांनी मूल टाळले. दर १.५८ वर आला आणि पुढच्याच वर्षी २.२ च्या वर गेला. १९८९ मध्ये मात्र तसा कोणताही समज आड येत नसताना तो १.५७ झाला. पुढच्या वर्षी हा आकडा जाहीर होताच देश हादरला आणि १९९४ मध्ये पाळणाघरे वाढवणारी ‘एंजल योजना’ आली.

धोरणांच्या इतिहासात स्वीडनचे स्थान वेगळे आहे. १९३४ मध्ये समाजशास्त्रज्ञ आल्व्हा आणि अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्दाल या दांपत्याने असे मांडले, की जन्म वाढवायचे तर मुलांचा खर्च समाजाने वाटून घ्यावा, स्त्रीची नोकरी सुरक्षित ठेवावी आणि मूल हवे की नको हे जोडप्यावरच सोडावे. १९७४ मध्ये प्रसूतिरजेच्या जागी आईवडील दोघांनाही घेता येणारी पगारी पालकरजा आली. रजेतला भत्ता बाळंतपणाआधीच्या पगारावर ठरत असे. पहिल्या मुलानंतर अर्धवेळ काम करणाऱ्या आईला त्यामुळे दुसऱ्या वेळी कमी पैसे मिळाले असते. पण दुसरे मूल ठराविक मुदतीत झाले, तर जुनाच भत्ता कायम राही. १९८६ मध्ये ही मुदत ३० महिने झाली. दोन मुलांमधले अंतर कमी झाले आणि १९९० मध्ये दर २.१ वर पोहोचला. मग मंदी आली, बेकारी वाढली आणि १९९९ पर्यंत तो १.५ वर उतरला. मुदतीच्या नियमाने जन्म फक्त लवकर घडवून आणले होते. एकूण मुले त्या प्रमाणात वाढली नव्हती.

सक्तीचा मार्ग रोमानियाने धरला. १९६६ च्या ७७० क्रमांकाच्या आदेशाने बहुतेक गर्भपात बेकायदा ठरले आणि दर वर्षभरात १.९ वरून ३.७ वर उसळला. काही वर्षांतच तो पुन्हा उतरू लागला. मागे राहिले ते चोरून केलेले गर्भपात, त्यांत दगावलेल्या हजारो स्त्रिया आणि सोडून दिलेल्या मुलांनी भरलेली अनाथालये. हुकूमशहा चाउशेस्कूंची सत्ता कोसळताच, डिसेंबर १९८९ मध्ये, आदेश रद्द झाला. कुटुंबधोरणाच्या इतिहासातले हे सर्वांत क्रूर पान आहे.

नोकरी करणाऱ्या स्त्रिया वाढल्या की जन्म घटतात, हा जुना समज १९८० च्या दशकानंतर टिकला नाही. पाळणाघरे आणि रजा उपलब्ध असलेल्या स्कँडिनेव्हियात दोन्ही प्रमाणे उंच होती, तर गृहिणींची संख्या मोठी असलेल्या इटली-स्पेनमध्ये जननदर १.३ च्याही खाली गेला. दक्षिण कोरियात लांबलचक कामाचे तास, महागडी घरे, खाजगी शिकवण्यांचा खर्च आणि घरकामाचा स्त्रियांवरच पडणारा बोजा यांमुळे तरुण लग्नच टाळतात. विवाहबाह्य जन्म तिथे मोजकेच असल्याने लग्ने घटली की जन्मही घटतात. मोठी अनुदाने देऊनही २०२३ मध्ये तिथला दर ०.७२ होता.

पण उदार धोरणे असलेली फिनलंडही २०१० मधल्या १.८७ वरून २०२३ मध्ये १.२६ वर आली. तिथे मुख्यतः पहिल्या मुलाचेच जन्म घटले आहेत. रजा आणि पाळणाघर यांचा आधार आईबाप झालेल्यांना मिळतो; जोडीदार, घर किंवा स्थिर नोकरी नसलेल्या तरुणांपर्यंत तो पोहोचत नाही. म्हणूनच संशोधकांचे लक्ष आता जोडपी जुळण्याच्या टप्प्याकडे वळले आहे.