बिलिंग्ज दूर, गोळी घरपोच: मोंटानातल्या केटामाइन-उपचाराची पूर्वपीठिका

अमेरिकेतलं मोंटाना राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा मोठं आहे. २०२०च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली सुमारे १० लाख ८४ हजार. सगळ्यांत मोठं शहर बिलिंग्ज, तेही सव्वा लाखाच्या आतलं. पूर्वेचं ग्लेनडाइव्ह तिथून साधारण साडेतीनशे किलोमीटर. आत्महत्यांच्या प्रमाणात मोंटाना, वायोमिंग आणि अलास्का ही राज्यं वर्षानुवर्षं देशात वरच्या क्रमांकांवर आहेत. अशा ठिकाणच्या नैराश्यग्रस्त माणसाला २०२० नंतर व्हिडिओ कॉलवर तपासणी होऊन केटामाइनच्या गोळ्या घरपोच मिळू लागल्या. ही सोय कुणी ठरवून उभारलेली नाही. एक जुनं भुलीचं औषध, इंटरनेटवरून होणाऱ्या औषधविक्रीला आळा घालणारा एक कायदा आणि महामारीतली एक तात्पुरती सवलत यांच्या फटीतून ती आली.

केटामाइन १९६२ साली तयार झालं. डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करणारे रसायनशास्त्रज्ञ कॅल्विन स्टीव्हन्स फेनसायक्लिडिनला पर्याय शोधत होते. ते औषध भूल चांगली देई, पण शुद्धीवर येताना रुग्णाला भ्रम होत. माणसावर केटामाइनचा पहिला प्रयोग १९६४ मध्ये मिशिगनमधल्या जॅक्सनच्या तुरुंगात झाला. एडवर्ड डोमिनो आणि गुंटर कॉर्सेन यांनी तो कैद्यांवर केला. कैदी ‘स्वयंसेवक’ होते असं तेव्हाच्या नोंदी सांगतात. गजांआडच्या संमतीला किती किंमत द्यायची, हा प्रश्न त्या काळी फारसा कुणी विचारत नसे. १९७० साली औषधाला मान्यता मिळाली आणि व्हिएतनाममध्ये जखमी सैनिकांसाठी ते वापरलं गेलं. श्वास आणि रक्तदाब सहसा टिकून राहतो, मोठी यंत्रसामग्री लागत नाही, म्हणून १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. थोडक्यात, भूलतज्ज्ञांच्या जगात केटामाइन हे आधीपासूनच आडगावचं औषध होतं.

त्याच १९६४ सालची दुसरी गोष्ट नेब्रास्कातली, तेही असंच विरळ वस्तीचं राज्य. ओमाहाच्या नेब्रास्का सायकिअॅट्रिक इन्स्टिट्यूटमध्ये सेसिल विटसन यांनी १९५९ पासून दुतर्फा दूरचित्रवाणीवर गटोपचार करून पाहिले होते. आता त्यांनी ११२ मैलांवरचं नॉरफोकचं मनोरुग्णालय त्याच पद्धतीने ओमाहाशी जोडलं. म्हणजे पडद्यावरून मनोविकारतज्ज्ञाशी बोलणं ही कोविडची देणगी नाही. शेतीप्रधान राज्यांत ते साठ वर्षांपासून चालू आहे. मोंटानातही १९९३ मध्ये बिलिंग्जहून पूर्वेकडची लहान रुग्णालयं व्हिडिओने जोडणारं टेलिमेडिसिन नेटवर्क सुरू झालं होतं. मात्र त्यात रुग्णाला आपल्या गावच्या रुग्णालयात जाऊन कॅमेऱ्यासमोर बसावं लागे. घरचा सोफा आणि मोबाइल ही पुढची पायरी.

नैराश्याशी केटामाइनचा संबंध जोडला गेला २००० साली. येल विद्यापीठातल्या गटाने मोजक्या रुग्णांना शरीराच्या दर किलो वजनामागे ०.५ मिलिग्रॅम केटामाइन ४० मिनिटांत शिरेतून दिलं आणि तीन दिवसांच्या आत फरक नोंदवला. नेहमीच्या गोळ्यांना यासाठी आठवडे लागतात. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या कार्लोस झराटे यांच्या गटाने इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर तसाच प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी ७१ टक्के रुग्णांत ठळक सुधारणा दिसली. आठवडाभर ती टिकली सुमारे ३५ टक्क्यांत. बातम्यांत पहिला आकडा गाजला. ग्लेनडाइव्हच्या माणसासाठी दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण त्याचा अर्थ असा की डोस पुन्हा पुन्हा घ्यावा लागणार.

आता पेटंट संपलेल्या स्वस्त औषधावर नव्या आजारासाठी मोठ्या चाचण्यांचा खर्च कोण करणार? कुणीच केला नाही. जान्सेन कंपनीने केटामाइनच्या दोन जुळ्या रेणूंपैकी एक वेगळा काढला, नाकात मारायचा फवारा बनवला आणि ५ मार्च २०१९ रोजी ‘स्प्राव्हाटो’ला एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेची, मान्यता मिळवली. मान्यतेसोबत अटी आल्या. फवारा घरी न्यायचा नाही. नोंदणीकृत केंद्रातच घ्यायचा, नंतर निदान दोन तास देखरेखीखाली बसायचं आणि रात्रभर नीट झोप होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत गाडी चालवायची नाही. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे चार आठवडे एकदा.

या अटी अवाजवी नाहीत. रक्तदाब चढतो, भान सुटतं. पण त्या शहर डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत हेही उघड आहे. केंद्र बिलिंग्जला आहे असं धरलं, तर ग्लेनडाइव्हच्या रुग्णाला पहिल्या चार आठवड्यांतच साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त प्रवास पडतो. परतीला स्टिअरिंगवर दुसरं कुणीतरी हवं, आणि ते कुणीतरी रोजगार बुडवून येणार. हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद झाला तर डोस चुकतो. मान्यता असलेलं, विमा कंपन्या ज्याचे पैसे देतात ते औषध ज्यांच्यापासून सर्वांत लांब आहे, तेच मान्यता नसलेल्या वाटेकडे वळतात, आणि त्या वाटेवर विमा बहुधा नसतोच.

ती वाट उघडण्याआधी बंद होती, आणि तिला कारण होतं. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातला रायन हेट हा १८ वर्षांचा मुलगा इंटरनेटवरून मागवलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी दगावला. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या नावाने २००८ मध्ये झालेल्या कायद्याने नियंत्रित औषधांसाठी एकदा तरी प्रत्यक्ष तपासणी सक्तीची केली. केटामाइन १९९९ पासूनच नियंत्रित औषधांच्या तिसऱ्या अनुसूचीत होतं. कायद्यात अपवाद होते: रुग्ण नोंदणीकृत रुग्णालयात बसलेला असेल तर, आरोग्य आणीबाणी असेल तर, किंवा डॉक्टरकडे टेलिमेडिसिनसाठी खास नोंदणी असेल तर. ही खास नोंदणी म्हणजे खेड्यांसाठी ठेवलेला दरवाजा. तिचे नियम अमली पदार्थ नियंत्रण करणाऱ्या डीईएने करायचे होते. दहा वर्षं काही झालं नाही. २०१८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, आणखी एक कायदा करून वर्षभराची मुदत घातली. तीही उलटून गेली.

मग मार्च २०२० आला. आणीबाणीचा अपवाद लागू झाला आणि व्हिडिओवरच्या तपासणीवर केटामाइन लिहून देणं कायदेशीर ठरलं. त्याच महिन्यात, २५ मार्चला, भारतानेही टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण औषध-नियमांच्या अनुसूची एक्समधली आणि अमली पदार्थांबद्दलच्या एनडीपीएस कायद्याखालची औषधं सरळ निषिद्ध यादीत टाकली. केटामाइन दोन्हीकडे असल्याने गडचिरोलीत किंवा सिंधुदुर्गात ते फोनवरून लिहून देण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

अमेरिकेत मात्र माइंडब्लूम, जॉयससारख्या कंपन्या या धंद्यात उतरल्या. पद्धत साधारण सारखीच: प्रश्नावली, व्हिडिओवर डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर (औषधं लिहून देऊ शकणारी, जास्त शिकलेली परिचारिका), मग कंपाउंडिंग फार्मसीने, म्हणजे चिठ्ठीप्रमाणे औषध स्वतः तयार करणाऱ्या दुकानाने, बनवलेल्या, तोंडात विरघळवायच्या गोळ्या पार्सलने. अशा फार्मसीत बनलेल्या औषधाला एफडीएची मान्यता नसते. मोंटानासारख्या राज्यात जमीन आधीच तयार होती. डॉक्टरकडे रुग्णाच्या राज्याचा परवाना लागतो. तो लवकर मिळावा म्हणून झालेल्या आंतरराज्य करारात वायोमिंग सर्वांत आधी, २०१५ साली सामील झालं आणि मोंटाना त्याच वर्षी मागोमाग. शिवाय मोंटानात नर्स प्रॅक्टिशनरना स्वतंत्रपणे औषधं लिहून देता येतात. डॉक्टर कमी असलेल्या राज्यांनी स्वतःच्या गरजेपोटी केलेल्या या तरतुदी. केटामाइन तेव्हा कुणाच्या मनातही नसावं.

शंका यायला वेळ लागला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये एफडीएने कंपाउंडिंग फार्मसींत बनणाऱ्या केटामाइनबद्दल इशारा दिला. त्यात घरी तोंडावाटे केटामाइन घेऊन श्वास मंदावलेल्या एका रुग्णाचा उल्लेख होता; त्याच्या रक्तातलं प्रमाण भुलीसाठी नेहमी येतं त्याच्या दुप्पट भरलं होतं. शहरात अशा वेळी रुग्णवाहिका लवकर पोचते. पूर्व मोंटानात ती बऱ्याचदा गावचे स्वयंसेवक चालवतात, आणि रँच, म्हणजे गुरं पाळण्याचं मोठं शेत, मुख्य रस्त्यापासून आत असतं. कंपन्या शेजारी एक प्रौढ माणूस बसवायला सांगतात. एकट्याने राहणाऱ्याने तो आणायचा कुठून? त्याच महिन्याच्या अखेरीस अभिनेते मॅथ्यू पेरी यांचा केटामाइनच्या परिणामांनी मृत्यू झाला आणि सगळी चर्चा तिकडे वळली. त्या प्रकरणातलं औषध अवैध पुरवठ्यातलं होतं, व्हिडिओ कॉलवरच्या चिठ्ठीचं नव्हे. हा फरक मथळ्यांत हरवला.

आणीबाणी ११ मे २०२३ रोजी संपली. सवलत जशी होती तशी काढण्याऐवजी डीईएने त्याआधीच, मार्चमध्ये, कडक नियमांचा मसुदा आणला होता आणि त्यावर ३८ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. मग मुदतवाढी सुरू झाल्या: आधी नोव्हेंबर २०२३, मग २०२४ची अखेर, मग २०२५ची अखेर. जानेवारी २०२५ मध्ये अखेर त्या खास नोंदणीचा मसुदा निघाला, २००८च्या कायद्याने मागितल्यानंतर सोळा वर्षांनी. त्यात डॉक्टरला केंद्र सरकारकडच्या नोंदणीखेरीज रुग्णाच्या राज्यासाठीही वेगळी नोंदणी घ्यावी लागेल असं म्हटलं आहे. दहा लाख वस्तीच्या राज्यासाठी किती डॉक्टर तेवढी खटपट करतील? त्याच महिन्यात स्प्राव्हाटो इतर गोळ्यांच्या जोडीशिवाय एकटंच द्यायलाही मान्यता मिळाली. केंद्रात दोन तास बसायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी न चालवायची अट तशीच राहिली.