गोगलगायी सोडल्या म्हणून काच साफ होत नाही

खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टँकमध्ये टर्बो जातीच्या गोगलगायी सोडल्या की काचेवरचं सगळं शेवाळ त्याच खातात, काही करावं लागत नाही, हे कित्येक वर्षं एकमेकांना सांगितलं जातंय आणि नवीन माणूस हमखास फसतो. अर्धंच खरं आहे ते. काचेवरचा हिरवा-तपकिरी मऊ थर त्या खातात, मागे नागमोडी स्वच्छ पट्टे दिसतात बघा, पण ते गुलाबी-जांभळे कडक ठिपके म्हणजे कोरलाइन शेवाळ, ते आपल्या पेशींच्या भिंतीत कॅल्शियम कार्बोनेट साठवतं, अक्षरशः दगड बनतं, तिथे टर्बोचं काही चालत नाही. समुद्री अर्चिन, म्हणजे ते काटेरी गोळ्यासारखे प्राणी, ते खरवडतात, पण टँक काचेऐवजी ॲक्रिलिकचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा असेल तर त्यावर त्यांचे ओरखडे उठतात.

मग ब्लेडच घ्या. काचेला स्टीलचं, ॲक्रिलिकला फक्त प्लास्टिकचं, अगदी जुनं एटीएम कार्डही चालतं. ब्लेड काचेला जवळजवळ चिकटवून तिरकं धरायचं आणि कोपऱ्यातल्या सिलिकॉनला अजिबात लावायचं नाही, सांधा कापला गेला तर टँक गळतो. वाळूजवळ तर खूप सांभाळून, मॅग्नेट क्लीनरमध्ये, म्हणजे काचेच्या आत-बाहेर चुंबकाने चिकटणाऱ्या पुसणीत, एक कण अडकला तरी काचेवर कायमचा ओरखडा, मी तर दरवेळी पॅड धुवून बोटाने चाचपतो.