अलखपुरा शाळेतील मुलींचा फुटबॉल

हरियाणाच्या भिवानी जिल्ह्यातील अलखपुरा या खेड्यातल्या सरकारी उच्च माध्यमिक शाळेत रुजलेली मुलींच्या फुटबॉलची परंपरा. सुब्रतो चषक या राष्ट्रीय शालेय स्पर्धेच्या १७ वर्षांखालील मुलींच्या गटात या शाळेने २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे अजिंक्यपद मिळवले आणि हे गाव देशाच्या फुटबॉल वर्तुळात ठाऊक झाले. पुढे गावाच्याच नावाचा क्लब महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये उतरला, काही मुली भारताच्या संघापर्यंत पोचल्या.

तोवर गावाची ओळख वेगळी होती. कलकत्त्यात तागाच्या व्यापारात मोठे झालेले दानशूर शेठ छाजूराम मूळचे अलखपुऱ्याचे. पंजाबातले शेतकरी नेते सर छोटूराम यांच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला. पोलीस अधिकारी साँडर्सच्या वधानंतर डिसेंबर १९२८मध्ये लाहोरहून निसटलेल्या भगतसिंगांनी कलकत्त्यात आसरा घेतला तो त्यांच्याच घरी. (त्या रेल्वेप्रवासात नोकराच्या वेषात सोबत होते ते आपल्या खेडचे राजगुरू.) अलखपुऱ्याचा उल्लेख असायचा तो अशा संदर्भांत; खेळाशी त्याचा संबंध जोडावा असे काही नव्हते.

जिल्ह्याचा मात्र होता. भिवानी ही मुष्टियुद्धाची पंढरी. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकला गेलेल्या भारताच्या पाच मुष्टियोद्ध्यांपैकी चार भिवानीचे होते आणि त्यांतल्याच विजेंदर सिंगने कांस्यपदक आणले. कुस्तीगीर फोगट भगिनींचे बलाली हे गावही तेव्हा याच जिल्ह्यात होते. २०१६ साली चरखी दादरी हा वेगळा जिल्हा झाल्यावर ते तिकडे गेले. कुस्ती, कबड्डी आणि ठोसेबाजीच्या या मुलखात फुटबॉलला फारसे कोणी विचारत नव्हते. अलखपुऱ्याच्या मुलींना हे अनास्थेचे वातावरणच पथ्यावर पडले असे म्हणता येईल. आखाडा आणि कबड्डीचे मैदान मुलांच्या ताब्यात होते. चेंडूवर कोणाचीच मालकी नव्हती.

सुरुवातीची हकिकत गावात सांगतात ती अशी : शाळेचे क्रीडाशिक्षक मुलांकडून कबड्डीचा सराव करून घेत. कडेला उभ्या राहणाऱ्या मुलींनी एक दिवस तक्रार केली, की आम्ही नुसते बघत किती दिवस उभे राहायचे? गुरुजींनी शाळेत पडून असलेला एक फुटबॉल त्यांच्याकडे टाकला. मुली त्याच्यामागे धावत सुटल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, आणि येतच राहिल्या. अशा आरंभकथांना वर्षागणिक थोडी झिलई चढते, हे गृहीत धरूनही तिच्यातला गाभा खरा वाटतो. फुटबॉलला लागते काय? एक चेंडू आणि मोकळी जागा. पोशाख, बूट, जाळी या गोष्टी नंतर मिळाल्या तरी चालते. एका चेंडूत बावीस जणींची सोय होते, आणि सरकारी शाळेला परवडणारा हिशेब तोच असतो.

विरोध झाला, आणि तो मुख्यतः अर्ध्या चड्डीवरून झाला. मुलींनी गुडघे उघडे टाकून गावच्या मैदानावर पळावे हे ज्येष्ठांना रुचणारे नव्हते. २०११च्या जनगणनेत हरियाणात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८३४ मुली होत्या, एवढे सांगितले की त्या नापसंतीचा संदर्भ कळतो. तरीही दहा-बारा वर्षांत सुमारे दोनशे मुली सकाळ-संध्याकाळ मैदानावर येऊ लागल्या, अशी वर्णने वृत्तपत्रांतून आली. एवढा बदल नुसत्या उपदेशाने होत नाही.

तो कशाने झाला, याचे उत्तर बऱ्याच अंशी कागदपत्रांत सापडते. हरियाणात खेळाडूला त्याच्या कामगिरीनुसार श्रेणी-प्रमाणपत्र मिळते. बोलीत त्याला नुसते ‘ग्रेडेशन’ म्हणतात. राज्यस्तरावर, राष्ट्रीय शालेय स्पर्धेत किंवा त्याहून वर काय केले यावर श्रेणी ठरते आणि ती महाविद्यालयातील प्रवेशाला, पुढे सरकारी नोकरीतील खेळाडूंच्या कोट्याला उपयोगी पडते. आपल्याकडचे दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि पाच टक्के क्रीडा आरक्षण ज्याने पाहिले आहे, त्याला हे गणित समजावून सांगायला नको. त्यात भर शालेय खेळाडूंना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची. गावातून भारतीय संघापर्यंत गेलेली संजू यादव हिने आपण फुटबॉलकडे वळलो ते या शिष्यवृत्तीच्या पैशासाठी, असे सांगितलेले आहे. मोलमजुरी आणि थोडी शेती यांवर चालणाऱ्या घरात महिन्याची छोटी रक्कमही मोजून घेतली जाते. जिद्द, स्वप्ने, बेड्या तोडणे या शब्दांत अलखपुऱ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या मानाने ही बाजू दुर्लक्षित राहिली. पोरगी खेळली तर फी सुटते, उद्या रेल्वेत किंवा पोलिसांत लागेल, हा विचार घरातल्या म्हाताऱ्यांनाही पटतो. चड्डीचा वाद मग आपोआप मागे पडतो.

दुसरे कारण मैदानावरचे. गावात मुलींसाठी खेळ एकच, त्यामुळे पळण्यात चपळ असलेली प्रत्येक मुलगी त्याच खेळात आली. मोठ्या शहरातल्या शाळेत तिला बास्केटबॉल, बॅडमिंटन, शिकवणी असे दहा रस्ते असतात. शिवाय सातवी-आठवीतली मुलगी ज्यांच्याबरोबर सराव करते त्या अकरावी-बारावीतल्या ताया राज्याकडून खेळून आलेल्या. पास कधी द्यायचा, अंगावर आलेल्या बचावपटूला कोणत्या बाजूने चकवायचे, हे ती त्यांच्या पायांकडे पाहून शिकते; शिक्षकाने शिट्टी वाजवून सांगण्याआधीच तिला ते आलेले असते. शाळेचा संघ दरवर्षी नव्याने बांधावा लागतो, कारण बारावी झाली की चांगली खेळाडू हातची जाते. लागोपाठ दोन वर्षे चषक जिंकणे अवघड ते याचमुळे, आणि अलखपुऱ्याला ते जमले ते खालच्या वर्गांत तयार असलेल्या फळीमुळे.

ज्या स्पर्धेने हे नाव केले ती सुब्रतो मुखर्जी चषक स्पर्धा १९६०पासून चालत आली आहे. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही स्पर्धा हवाई दलाच्या आधाराने भरते. तिच्यात मुलींचा गट यायला तब्बल २०१२ साल उजाडावे लागले. अर्धशतक निव्वळ मुलांसाठी चाललेल्या स्पर्धेत मुलींना जागा मिळाली आणि चौथ्याच वर्षी एका खेड्यातली सरकारी शाळा विजेती ठरली. स्पर्धेची घडण अशा शाळांना अनुकूल आहे. निवडक खेळाडूंचा जिल्हा किंवा राज्य संघ इथे चालत नाही. शाळा म्हणूनच उतरावे लागते. जिल्हा, मग राज्य, आणि तिथे जिंकणाऱ्या शाळेला दिल्लीचे तिकीट. महाराष्ट्रातही जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयांमार्फत याच स्पर्धेच्या जिल्हा, विभाग आणि राज्य फेऱ्या होतात. राज्यातून एकच शाळा पुढे जाते, त्यामुळे एका गावात साठलेले बळ वाटले जात नाही, सगळेच्या सगळे दिल्लीत पोचते. मुलींच्या गटात खरी कसोटी मणिपूर आणि झारखंडच्या शाळांशी असते. तिथे फुटबॉल घराघरात आहे. हरियाणात तसे नव्हते. म्हणून अलखपुऱ्याच्या दोन विजेतेपदांचे मोल अधिक.

शाळेच्या संघाला वयाची अट आहे, सतरा ओलांडले की खेळ संपला. त्या पुढच्या वाटेसाठी अलखपुरा एफसी हा क्लब उभा राहिला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने महिलांसाठी इंडियन वुमेन्स लीग सुरू केली तेव्हा २०१६-१७च्या पहिल्याच हंगामात अंतिम टप्प्यात सहा संघ होते. त्यांत पुरुषांच्या इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) मोठ्या फ्रँचायझीचा एफसी पुणे सिटी होता, त्याच वर्षी पुरुषांची आय-लीग जिंकणारा ऐझॉल एफसी होता, आणि त्यांच्या रांगेत अलखपुरा. विजेतेपद मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट क्लबला हरवून नेले. एफसी पुणे सिटी पुढे २०१९मध्ये बंदच पडला. नंतर महाराष्ट्रातून एफसी कोल्हापूर सिटीही लीगमध्ये दिसला, म्हणजे पुन्हा एक फुटबॉलवेडे गावच. फरक इतका, की कोल्हापूरला तालमींच्या फुटबॉलचा जुना वारसा आहे आणि अलखपुऱ्याच्या मुलींमागे होती ती फक्त शाळा.

गावातून निघालेल्या खेळाडूंत संजू यादव सर्वांत नावाजलेली. आघाडीला खेळणारी संजू गोकुळम केरळसारख्या व्यावसायिक क्लबकडूनही खेळली आणि दीर्घकाळ भारतीय संघात राहिली. बचावफळीतली रितू राणी हीही अलखपुऱ्याची आणि आंतरराष्ट्रीय खेळाडू. हरियाणाच्या विविध वयोगटांच्या संघांत या गावच्या मुली नेहमी दिसतात.

लीगचे रूप दरम्यान बदलले. पहिल्या हंगामांत सगळे संघ एका ठिकाणी जमून सामने उरकत, तेव्हा गावचा क्लबही कसाबसा खर्च भागवू शके. २०२३-२४मध्ये सात संघांची लीग घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर फिरू लागली. प्रवास, मुक्काम, पगारी खेळाडू, फिजिओ हा भार पेलणे मोठ्या क्लबांचे काम झाले. अलखपुऱ्याच्या मुलीला वरच्या पातळीवर खेळायचे तर आता दुसऱ्याच्या जर्सीत, बहुधा दुसऱ्या राज्यात जावे लागते. गावाच्या नावाने खेळायची तिची हक्काची स्पर्धा उरली आहे ती मुख्यतः शालेयच, आणि तीही वयाची सतरा वर्षे पुरी होईपर्यंत.