पॉइंटर सारखे आहेत का? '=='ला विचारू नका

दोन पॉइंटर (मेमरीतला पत्ता साठवणारी व्हेरिएबल) एकाच पत्त्याकडे बोट दाखवत असतील तर पायथनचं '==' होकार देईल, हा सीटाइप्स (पायथनमधून सी भाषेतला कोड वापरायची लायब्ररी) वापरणाऱ्यांतला जुना समज. देत नाही. तिथे पत्ता नव्हे, तर पायथनचं ऑब्जेक्ट तेच आहे का, एवढंच पाहिलं जातं. पॉइंटर ज्याकडे बोट दाखवतो ते देणारं कंटेंट्सही दर वेळी नवं ऑब्जेक्ट देतं, म्हणून त्यावर 'इज' (ऑब्जेक्ट तेच आहे का, हे पाहणारी तुलना) लावणंही फोल.

दोन्ही पॉइंटर सी_व्हॉइड_पी (नुसता पत्ता ठेवणारा पॉइंटरचा प्रकार) मध्ये कास्ट करून, म्हणजे त्या प्रकारात बदलून, त्यांच्या व्हॅल्यू ताडून पाहा. पॉइंटर नल (कुठेच बोट न दाखवणारा) असेल तर व्हॅल्यू शून्य नव्हे, नन (None, पायथनचं 'काहीच नाही') येते. अ‍ॅड्रेसऑफ (ऑब्जेक्टचा पत्ता देणारं फंक्शन) थेट पॉइंटरवर लावलंत तर मिळतो पॉइंटरचा स्वतःचाच पत्ता (ही चूक भलतीच चिवट). आणि रेसटाइप (सी फंक्शनच्या उत्तराचा प्रकार) सांगितला नाहीत तर फंक्शनचं उत्तर इंट (सहसा ३२-बिट पूर्णांक) धरलं जातं; ६४-बिट पत्त्याचा वरचा अर्धा भाग तुलनेआधीच गळून पडतो.